नितळ पाण्यात काय असते?

कोकणात जांभ्या दगडाच्या गावांत काही हापशांचे पाणी उपसताना स्वच्छ असते आणि हंड्यात तासभर राहिले की तांबूस होते. त्याचा चहा काळपट दिसतो, पांढरे कपडे पिवळे पडतात आणि बायका त्या हापशाकडे पाठ फिरवतात. हा लोहाचा परिणाम. पाण्यात एरवी सापडते तेवढे लोह प्रकृतीला फारसे बाधत नाही. याउलट यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या हापशाचे पाणी नितळ, थंड, चवीलाही बरे असते आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात तपकिरी होतात. डोळा, नाक आणि जीभ ही पाणी पारखण्याची आपली जुनी साधने. ती टाकून देण्यासारखी नाहीत, पण जे खरोखर घातक आहे त्यातले बरेचसे त्यांना कळत नाही.

‘दूषित पाणी’ असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. काही दोष काही तासांत किंवा दिवसांत आजारी पाडतात, काही लहान बाळाला गाठतात, काही अंगात मुरायला दहा-वीस वर्षे घेतात. त्यांचे उगम वेगळे आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी त्याने दुसरा दोष वाढतोसुद्धा. म्हणून ‘पाणी चांगले आहे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. पाण्यात नेमके काय आहे आणि ते कुठून आले, हे विचारावे लागते.

नारू गेला, हापसा आला

पन्नास वर्षांपूर्वी ग्रामीण महाराष्ट्रात नारू म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. पायविहिरीत, बारवेत लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहत आणि घागर भरून घेत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे त्याचा पाय पाण्यात बुडाला की जंताची पिले बाहेर पडत. सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जलकीटक ती गिळत असे. तो पाण्याबरोबर पोटात गेला की साधारण वर्षभराने हात-दोन हात लांबीचा जंत कातडी फोडून बाहेर यायला लागे. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढायचा, आणि तोवर ऐन पेरणीत धडधाकट माणूस खाटेला खिळलेला. नारूवर औषध नव्हते, लस नव्हती. पाणी फडक्याने गाळणे आणि माणसाचा पाय पाण्याला लागू न देणे एवढेच हातात होते. त्यावरच तो संपवला गेला. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

या कामात हापशाचा वाटा मोठा आहे, आणि हापशाच्या घडणीत महाराष्ट्राचा. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा यंत्रांनी कठीण खडक फोडून विंधन विहिरी खोदण्याला जोर आला. पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले असत. अख्ख्या गावाने दिवसभर हापसले की ते मोडत. जालन्याच्या मिशनमध्ये एक मजबूत पंप तयार झाला, त्यात सुधारणा होत ‘सोलापूर पंप’ आला आणि त्याच्या आधारावर युनिसेफच्या सहभागाने ‘इंडिया मार्क टू’ घडला. तो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला.

हापशाने पाणी उघड्यावरून बंद नळीत नेले आणि जंतूंची मोठी वाट अडवली. पण दोनशे फूट खोल भेगांत साठलेले पाणी वर्षानुवर्षे खडकाच्या सान्निध्यात असते. खडकात जे विरघळण्यासारखे आहे ते त्यात उतरते. उथळ विहिरीच्या पाण्यात जे कमी होते ते खोल बोअरच्या पाण्यात काही भागांत जास्त निघाले. पटकी आणि नारूने गावे हैराण असताना हापसा बसवणाऱ्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. बोअर मारल्यावर त्या पाण्याची रासायनिक तपासणी करायची आणि दर काही वर्षांनी पुन्हा करायची, हे काम मात्र कित्येक ठिकाणी मागे राहिले आणि त्याची किंमत मोजावी लागली.

जंतू: आज प्यायले, उद्या जुलाब

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव येणारी गॅस्ट्रोची साथ आपल्या ओळखीची आहे. पहिल्या जोरदार पावसात उकिरड्यावरची, नाल्यातली घाण वाहून विहिरीत आणि फुटक्या जलवाहिनीत शिरते. नळाला पाणी दिवसातून तासभर येते तिथे धोका आणखी वाढतो. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो आणि सांध्यांतून, गळतीच्या जागांतून बाहेरचे गढूळ पाणी आत ओढले जाते. गटाराच्या कडेने किंवा थेट गटारातून गेलेली नळजोडणी असेल तर पाणी सुटताना पहिल्या काही मिनिटांत ते सगळे घरात येते. अनुभवी बायका पहिले पाणी सोडून देतात, ते याचसाठी.

पटकीचे जंतू काही तासांत ते पाच दिवसांत आजारी पाडतात. त्यामुळे दोषी पाणवठा शोधणे तुलनेने सोपे जाते. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात. काविळीचा ‘ई’ प्रकारचा विषाणू, म्हणजे हेपॅटायटिस ई, दोन ते आठ आठवडे घेतो. म्हणजे जूनमध्ये डोळे पिवळे झालेले लोक दवाखान्यात येतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये फुटलेली वाहिनी कधीच दुरुस्त झालेली असते आणि त्या दिवशी घेतलेला पाण्याचा नमुना निर्दोष निघतो. ‘पाणी तर ठीक आहे’ असा अहवाल साथीच्या मध्यावर आला की लोकांचा विश्वास उडतो. अहवाल खरा असतो. तो फक्त त्या दिवसापुरता असतो.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली आणि हजारो लोकांना कावीळ झाली. त्या वेळी पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. हेपॅटायटिस ई बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेततो. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाते. काविळीची साथ सुरू झाली की गावातल्या गरोदर बायकांची यादी काढून त्यांच्या पाण्याची सोय सर्वांत आधी करायला हवी, एवढे तरी या आकड्यातून शिकावे.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात वेगळेच चित्र दिसले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यातून हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. आजार होता गुइलेन-बारे सिंड्रोम, वृत्तपत्रांतला ‘जीबीएस’. एरवी तो तुरळक आढळतो. इथे काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या 200 च्या वर गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो आधी जुलाब करतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि या जिवाणूच्या कवचातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच असल्यामुळे क्वचित एखाद्याच्या शरीरात तीच प्रतिपिंडे स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात. जुलाब थांबून एक ते तीन आठवडे झालेले असतात, माणूस विसरून गेलेला असतो आणि एके सकाळी पायात बळ राहत नाही. यातली काही गावे 2021 मध्ये महापालिकेत आली. लोकवस्ती शहराची आणि पाणी शुद्ध करण्याची सोय खेड्याची, अशी अवस्था महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांच्या कडेला आज आहे. ती मला या आजाराच्या दुर्मीळ नावापेक्षा अधिक काळजीची वाटते.

क्लोरीन काय करते आणि काय करत नाही

ग्रामपंचायतीच्या टाकीत जी ‘पावडर’ टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो. पण पाण्यात माती, शेवाळ, सडका पाला असला तर क्लोरीन आधी त्यावरच खर्ची पडतो, आणि जे उरेल ते जंतूंच्या वाट्याला येते. म्हणून गढूळ पाण्यात नेहमीच्या मापाने पावडर टाकून भागत नाही. आधी पाणी निवळायला हवे, मग पावडर, आणि नंतर निदान अर्धा तास थांबायला हवे. पावडर टाकून लगेच व्हॉल्व्ह सोडला तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही.

टाकीत किती पावडर पडली, यापेक्षा शेवटच्या घरातल्या नळाला किती क्लोरीन शिल्लक आहे याला महत्त्व आहे. ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे लागते. याची ओटी चाचणी अगदी सोपी. छोट्या नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पाणी तसेच पांढरे राहिले तर टाकीपासून त्या घरापर्यंत कुठेतरी क्लोरीन खाणारी घाण वाहिनीत शिरते आहे, किंवा पावडर निकामी झाली आहे. तोंड उघडे राहिलेल्या, ओल लागलेल्या पोत्यातला क्लोरीन काही आठवड्यांत उडून जातो, आणि उरतो चुना. नोंदवहीत रोज पावडर टाकल्याची सही असते, पाण्यात मात्र काही उतरत नाही.

क्लोरीनच्या मर्यादेचे जगातले एक मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. 1955 च्या अखेरीस यमुनेच्या प्रवाहात बदल झाला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापाशी मिसळले. तिथल्या लोकांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी तुरटी व क्लोरीनचे प्रमाण वाढवले. त्यामुळे जिवाणूंचे आजार आटोक्यात राहिले. पण काही आठवड्यांनी शहरात काविळीचे सुमारे 29,000 रुग्ण झाले. गढूळपणाच्या कणांआड दडलेला विषाणू त्या क्लोरीनला पुरून उरला होता. तो हेपॅटायटिस ई होता, हे बऱ्याच वर्षांनी कळले. शुद्धीकरण केंद्र कितीही चांगले असले तरी नदीत सोडलेले सांडपाणी त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही, हे या साथीने दाखवून दिले.

महाराष्ट्रात गावाच्या पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. विहिरीला कठडा आहे का, हापशाभोवतीचा ओटा फुटला आहे का, जवळ शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा आहे का, वाहिनीला गळती आहे का, पावडरचा साठा आहे का, हे त्यात पाहतात. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड आणि एकही साथ नाही, अशा गावाला चंदेरी कार्ड मिळते. आपल्या गावाला यंदा कोणते कार्ड मिळाले, हे फार थोड्या गावकऱ्यांना ठाऊक असते. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे.

युरिया, उकिरडा आणि बाळाची बाटली

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. शेतात टाकलेल्या युरियाचा पिकाने न घेतलेला भाग, गोठ्याजवळचा शेणाचा ढीग, शौचालयाचा खड्डा, या सगळ्यांतला नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. मातीचे कण ते धरून ठेवू शकत नाहीत. पावसाच्या आणि पाटाच्या पाण्याबरोबर ते सरळ खाली उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ते या मर्यादेपलीकडे होते. विदर्भ आणि मराठवाड्यात हा दोष विशेष.

मोठ्या माणसाला त्याचा त्रास सहसा चटकन जाणवत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या जठरातले आम्ल सौम्य असते, त्यामुळे नायट्रेटचे नायट्राइट करणारे जिवाणू तिथे टिकतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. बाळ ओठांशी, नखांशी निळसर दिसू लागते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1945 मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरने शेतावरच्या विहिरींचे पाणी आणि निळी पडणारी बाळे यांचा संबंध प्रथम दाखवला.

आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणून अंगावर पिणारे बाळ यापासून सुरक्षित असते. पावडरचे दूध कालवताना किंवा गाईच्या दुधात पाणी घालताना धोका शिरतो. काळजीपोटी आई ते पाणी खूप वेळ उकळते, आणि जितके उकळावे तितके पाणी आटून नायट्रेट दाट होत जाते. जंतू मारण्याचा उत्तम उपाय इथे उलटा पडतो. हे आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी प्रत्येक बाळंतिणीला सांगण्यासारखे आहे.

खडकातून येणारे फ्लोराइड

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्यात फ्लोराइड सहसा कमी असते. पण नांदेडचा किनवट भाग, यवतमाळच्या आग्नेयेकडचे तालुके आणि चंद्रपूरकडे जावे तसे ग्रॅनाइट, नाइस असे जुने खडक लागतात. त्यांतल्या फ्लोराइट, अपेटाइट, अभ्रक यांसारख्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवते. कॅल्शियम कमी आणि सोड्याचे क्षार जास्त अशा पाण्यात फ्लोराइड वाढत जाते. असे पाणी ‘मऊ’ असते. त्यात साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते. म्हणजे घरच्या बाईने पाण्याला जे चांगले गुण दिले असते तेच नेमके या पाण्यात असतात. भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पाणवठाच नसेल तर जास्तीत जास्त 1.5.

भारतात हा आजार 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून वैद्यकीय नोंदीत आला. तिथल्या शेतकऱ्यांना त्याची चाहूल आधी बैलांमुळे लागली होती. बैलांचे सांधे आखडत, ते चालायला तयार नसत.

माणसांत पहिली खूण दातांवर उमटते. पक्क्या दातांचे कवच हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दात आधी खडूसारखे पांढुरके आणि पुढे पिवळे-तपकिरी होतात. पट्टे आडवे असतात, दोन्ही बाजूंना सारखे असतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. म्हणून दात हे बालपणीच्या पाण्याचे पुरावे आहेत. बेसाल्टच्या गावातून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात स्वच्छ राहतात, तिच्या मुलांचे राहत नाहीत. पण तिचे दात स्वच्छ आहेत म्हणून ती सुटली असे नाही. दहा-वीस वर्षे तेच पाणी पिऊन फ्लोराइड तिच्या हाडांत साठत राहते. कंबर आणि मान आखडते, सांधे दुखतात, पुढे मणक्यांजवळचे स्नायुबंध हाडासारखे कडक होतात. याला गावात ‘वात’ म्हणतात आणि वाताच्या गोळ्या घेत राहतात.

गावात संशय असेल तर तीन साध्या हालचाली करून पाहतात: गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, हात डोक्यामागे नेता येतात का. एखाद्याला जमले नाही तर कारणे अनेक असू शकतात. एकाच हापशावरच्या चाळिशीतल्या बऱ्याच जणांना जमत नसेल तर आधी तो हापसा तपासला पाहिजे.

पाण्यात फ्लोराइड तेवढेच असले तरी घराघरांत आजार कमी-जास्त दिसतो. आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे हाडांची हानी जास्त होते. वाढत्या वयाच्या मुलांचे पाय गुडघ्यांतून वाकडे होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 1970 च्या दशकात असे रुग्ण जगापुढे आणले. दूध, ताक, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, आवळा, चिंच हे ताटात असेल तर शरीराला झुंजायला बळ मिळते. पण ज्या घराला हे परवडत नाही तेच घर बहुतेक वेळा त्या हापशावर अवलंबून असते, आणि शेजारचे सधन घर पाण्याचा जार विकत आणते. हाडांत मुरलेले फ्लोराइड काढून टाकणारे औषध नाही. म्हणून लहान मुलांचे पाणी आधी बदलायचे, हा क्रम पक्का असावा.

पाणी बदलण्याचे मार्ग आहेत. जवळच एखादी उथळ विहीर निर्दोष निघू शकते. भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन बोअरमध्येही फ्लोराइड खूप वेगळे असू शकते, म्हणून प्रत्येक बोअरची स्वतंत्र तपासणी लागते. नागपूरच्या नीरी संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. त्यात तुरटी आणि चुना घालून पाणी ढवळतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचे पाणी घेतात. तुरटीचे माप पाण्याच्या गुणांप्रमाणे ठरवावे लागते, अंदाजाने टाकून चालत नाही. सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टरही चालतात, पण काही महिन्यांनी त्यांतली भुकटी संपृक्त होते आणि ती पुन्हा कार्यक्षम करावी लागते. कितीतरी गावांत संयंत्र उभे आहे, उद्घाटनाची पाटी आहे आणि भुकटी मात्र कधीच बदललेली नाही. दूरच्या धरणातून किंवा नदीतून नळाने पाणी आणणे हा महाग, पण सर्वांत टिकाऊ उपाय.

खारपाणपट्टा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे आणि त्यातले भूजल खारे आहे. इथे दोष लपलेला नाही. जिभेला लागतो, चहात दूध फाटते, भांड्यांवर पांढरा थर बसतो. मानकाप्रमाणे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, नाइलाज असेल तिथे 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी त्याच्याही पलीकडे जातात. इथली गावे वर्षानुवर्षे मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल सांगत आली आहेत. खारे पाणी हे एकच कारण की कडक उन्हात शेतात राबणे, कमी पाणी पिणे, वेदनाशामक गोळ्या, मधुमेह, रक्तदाब हेही त्यात आहे, याची नीट उकल व्हायला हवी. पण खारट पाणी प्यायला नको वाटते म्हणून माणूस कमी पाणी पितो आणि त्यानेच मूत्रपिंडावर ताण येतो, एवढे समजायला मोठ्या अभ्यासाची वाट पाहायला नको. सातपुड्यातल्या वान धरणाचे गोडे पाणी ज्या गावांना नळाने मिळाले तिथल्या लोकांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आर्सेनिकबद्दल लोक विचारतात म्हणून एवढेच: तो मुख्यतः बंगाल, बिहारमधल्या गंगेच्या गाळाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रत्येक आजार पाण्याचा नसतो

जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. गावे खारपाणपट्ट्यातली, पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त, त्यामुळे सगळ्यांचे बोट पाण्याकडे गेले. ते साहजिक होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तातल्या आणि खाण्यातल्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. पाणी वाईट होतेच, पण पिढ्यान्‌पिढ्या तसेच होते. आजार नवा असेल तर नवे काय आले, हे विचारायला हवे. पाण्यावर सगळे ढकलले की खरे कारणही निसटते आणि पाण्याचा खरा दोषही ‘अफवा’ ठरून मागे पडतो.

घरात काय करता येते

जंतूंसाठी पाणी खळखळून उकळणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सरपण किंवा गॅस नसेल तर मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, थेंब टाकून अर्धा तास थांबावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. निवळलेल्या पाण्यात क्लोरीन टाकायचाच असतो. फडक्याने गाळणे कमी लेखू नये. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले, असे रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले. पटकीचे जंतू सायक्लॉप्सच्याच जातीच्या सूक्ष्म कीटकांना चिकटून राहतात, आणि नारूच्या वेळी जे फडके कामी आले तेच इथेही येते.

फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार यांतल्या कशावरही उकळणे, गाळणे, क्लोरीन यांचा उपयोग नाही. आरओ त्यांना काढते, पण बरेचसे पाणी वाया घालवते. ते सगळ्या घरांनी बसवण्याचे यंत्र नाही. धरणाचे कमी क्षाराचे पाणी येते तिथे त्याची गरजही नाही. जिथे बसवाल तिथे स्वयंपाकही त्याच पाण्यात करा. पिण्याला जारचे आणि डाळ-भाताला बोअरचे पाणी वापरले तर फ्लोराइड अन्नातून जातच राहते.

विक्रेते घरी येऊन टीडीएसची पट्टी बुडवतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. ती पट्टी फक्त क्षार मोजते. जंतूंनी भरलेल्या पाण्याचा टीडीएस अगदी कमी असू शकतो. पाण्यात विजेच्या सळ्या घालून तपकिरी गाळ काढून दाखवतात, तो सळ्यांच्या लोखंडाचा गंज असतो.

तपासणी कशी करून घ्यावी

जलजीवन मिशनखाली गावोगाव पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि संच देण्याची योजना आहे. त्या संचात फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा, शिल्लक क्लोरीन या चाचण्या रंग जुळवून होतात. जंतूंसाठी एक छोटी बाटली असते. तीत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. संचाने इशारा दिला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, जंतूंची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आणि साथीची शंका येताच त्याच दिवशी.

नमुना घेण्यावर अहवालाचा भरवसा ठरतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली टाळावी. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली लागते. तिच्यात क्लोरीनचा प्रभाव थांबवणारे औषध आधीच घातलेले असते, म्हणून ती विसळायची नाही. नळाचे तोंड पुसून, ज्योतीने शेकून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग भरायची आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. टाकीजवळच्या नळाचा नमुना घेऊन काम उरकू नये. वस्तीच्या शेवटच्या टोकाला, उताराला, गटाराजवळून वाहिनी जाते तिथल्या घराचा नमुना घ्यावा. बाटलीवर पाणवठा, तारीख आणि वेळ लिहावी, आणि अहवाल आला की त्यातला आकडा त्या हापशावर किंवा विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहून ठेवावा.